मराठी पानांना विषयसंज्ञांची सामाईक सूची हवी

प्रति,
माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तेव्हापासून मराठी मजकूर आंतरजालावर अधिकाधिक यावा, जुने ग्रंथ आणि नियतकालिके डिजिटल रूपात खुली व्हावीत, असा आग्रह आपल्या दैनिकातून वारंवार धरला गेला आहे. त्याला माझा पाठिंबाच आहे. मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्याला या चर्चेतली एक उणीव खटकल्याशिवाय राहत नाही. नवे काय टाकावे याचा विचार होतो. जे आधीच टाकलेले आहे ते वाचकाला का सापडत नाही, याचा होत नाही. पानाचे शीर्षक, दिनांक, भाषा, स्थळ आणि विषय सांगणारी जी माहिती पानाला जोडलेली असावी लागते, ज्याला सर्वत्र मेटाडेटा म्हणतात, ती बहुतेक मराठी पानांवर एकतर नसते किंवा असून नसल्यासारखी असते. त्यातही विषय कोणत्या शब्दांत सांगायचा, याची सर्वांनी वापरावी अशी मराठी सूची आज वापरात नाही. ती असावी, सार्वजनिक असावी आणि लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांवर उभी असावी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. शोधणारा माणूस कधी 'सातबारा' लिहितो, कधी 'सात बारा' असे तोडून लिहितो, कधी मराठी अंकांत ७/१२ लिहितो, तर मोबाइलवर बहुधा हेच अंक इंग्रजीत टाकतो. महसुली कागदपत्रांत मात्र 'अधिकार अभिलेख' असा शब्द असतो, किंवा 'गाव नमुना नंबर सात' असा उल्लेख असतो, कारण सातबारा म्हणजे गाव नमुना सात, अर्थात अधिकार अभिलेख पत्रक, आणि गाव नमुना बारा, अर्थात पिकांची नोंदवही, या दोहोंचा एकत्र उतारा. ज्या परिपत्रकात 'सातबारा' हा शब्द एकदाही आलेला नाही, ते परिपत्रक सातबाऱ्याविषयीच असूनही त्या शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. ग्रंथालयात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. तालिका म्हणजे ग्रंथालयातील ग्रंथांच्या नोंदींची सूची. तिच्या पत्रांच्या खणात एक रूप निश्चित करून सर्व नोंदी त्याखाली ठेवायच्या आणि उरलेल्या प्रत्येक रूपाचे एक पत्र करून त्यावर 'पहा' असे लिहून वाचकाला त्या निश्चित रूपाकडे पाठवायचे, ही ती पद्धत. विषयसंज्ञांची सूची म्हणजे मुळात अशा 'पहा' आणि 'हेही पहा' नोंदींचे जाळेच असते. ते जाळे नसेल, तर नुसती शब्दांची यादी कितीही लांब असली तरी फारशी कामाची नाही.

मराठीला अशा सूचीची गरज इंग्रजीपेक्षा अधिक आहे, कारण आपल्या भाषेत शब्द विभक्ती लागताच आतूनही बदलतो. 'विहीर' या शब्दातला दीर्घ ही 'विहिरीचे' म्हणताना ऱ्हस्व होतो, त्यामुळे अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या साध्या शोधयंत्रणेला 'विहिरीचे अनुदान' या शीर्षकात 'विहीर' दिसतच नाही. अनेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवरील शोधाची चौकट याच प्रकारची असते. त्याहून अवघड प्रकार डोळ्यांना दिसतही नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दातले जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी टंकित होते. एका रीतीत खाली टिंब असलेल्या र चा पाय मोडून त्याला य जोडतात. दुसऱ्या रीतीत साध्या र चा पाय मोडून त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे अदृश्य चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. 'ॲप' या शब्दातल्या पहिल्या अक्षराचीही तीच गत आहे: २००८ पर्यंत युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान नव्हते, म्हणून अ वर चंद्र देऊन ते साधले जाई, आणि ते तसे लिहिणारे आजही आहेत. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी निघालेल्या योजनांच्या पानांचे या एका अदृश्य चिन्हामुळे दोन तट पडावेत, आणि त्याची कोणालाच कल्पना असू नये, हे मला तरी गंभीर वाटते. पानाच्या मजकुरात काहीही टंकित झालेले असो, पानाला जोडलेली विषयसंज्ञा जर ठरलेल्या सूचीतून निवडलेली असेल, तर ती नेहमी एकाच रूपात येते आणि हे तट आपोआप मिटतात.

वेबपानांचे वर्णन कसे करावे याचा विचार जगात नवा नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी (आयर्लंडच्या राजधानीचा येथे संबंध नाही) ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी वर्णनाचे आधी तेरा, पुढे पंधरा घटक ठरवले. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, दिनांक, प्रकार, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क वगैरे घटकांचा हा संच 'डब्लिन कोअर' या नावाने ओळखला जातो आणि २००३ साली तो आंतरराष्ट्रीय मानकही झाला. घटक जाणूनबुजून थोडे व सोपे ठेवले होते, कारण पान लिहिणाऱ्या कोणालाही ते भरता यावेत अशी कल्पना होती. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की डब्लिन कोअर 'विषय' नावाचा रकाना देतो, पण त्या रकान्यात कोणता शब्द लिहावा हे सांगत नाही. तिथे एखाद्या प्रस्थापित सूचीतील संज्ञा वापरावी, एवढीच शिफारस करतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांपुढे यासाठी अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाची १८९८ पासून वाढत आलेली विषयशीर्षके तयार होती. मराठीत लिहिणाऱ्यापुढे रकाना आहे आणि त्यात भरायला सूची नाही.

मोकळा सोडलेला रकाना कसा भरला जातो, हे पाहायचे असेल तर कोणत्याही पानावर उजवी कळ दाबून त्याचा मूळ स्रोत उघडावा. एका मराठी वृत्तसंस्थळावर दुष्काळी गावातल्या टँकरची बातमी मी अशी उघडून पाहिली. मुख्य शब्दांच्या ('कीवर्ड'च्या) रकान्यात संस्थळाचे स्वतःचे नाव, त्यानंतर 'मराठी बातम्या', 'ताज्या बातम्या', 'आजच्या बातम्या' असे शब्द, तेही रोमन लिपीत, आणि शेवटी त्या आठवड्यात गाजत असलेल्या एका चित्रपटाचे नाव होते. पाणी, टंचाई, टँकर, तालुक्याचे नाव यांपैकी काहीही नव्हते. अशाच वापरामुळे हा मुख्य शब्दांचा रकाना जगभर बदनाम झाला. १९९० च्या दशकातील शोधयंत्रे त्यावर भरवसा ठेवत असत. लोकांनी त्यात वाटेल ते कोंबले. अखेर गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये आपण क्रमवारी लावताना हा रकाना विचारात घेत नसल्याचे जाहीर केले. यावरून 'मेटाडेटा आता कालबाह्य झाला' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मला मान्य नाही. पुढे दोनच वर्षांनी, जून २०११ मध्ये, गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही वर्णनाची सामाईक शब्दावली सुरू केली, आणि तिच्यात बातमीच्या पानासाठी शीर्षक, प्रकाशनाचा दिनांक, फेरफाराचा दिनांक, लेखक, भाषा आणि 'कशाविषयी' असे स्वतंत्र रकाने आहेत. बदनाम झाले ते कोणाचाच वचक नसलेले शब्द. ठरावीक शिस्तीने दिलेली माहिती शोधयंत्रांना आजही हवी आहे.

भाषेच्या रकान्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे खर्च काहीच नाही आणि नुकसान मात्र बरेच आहे. प्रत्येक वेबपानाच्या सुरुवातीला त्याची भाषा सांगणारे दोन-तीन अक्षरी चिन्ह घालता येते. मराठीसाठी ते 'एम-आर' असे आहे. तयार साचा वापरून केलेल्या अनेक मराठी पानांवर तेथे इंग्रजीचे चिन्ह तसेच राहून गेलेले असते. त्याचा पहिला फटका दृष्टिहीन वाचकांना बसतो, कारण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली कोणता आवाज लावायचा हे बहुधा या चिन्हावरून ठरवते. चिन्ह इंग्रजीचे असेल तर मराठी मजकूर ती पुष्कळदा एकतर गाळते किंवा भलत्याच उच्चारांत वाचते. दुसरा परिणाम अक्षरांच्या वळणावर होतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयाने ती निश्चितही केली. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असते, तो फॉन्ट मराठीचे चिन्ह दिसले तरच मराठी वळण दाखवतो. वळणांसाठी आंदोलन करणाऱ्यांनी या दोन अक्षरी चिन्हाकडेही लक्ष द्यावे. गोव्यात तर हा मुद्दा अधिकच नाजूक आहे. तेथे कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीला राजभाषेचे स्थान असून मराठीचाही शासकीय कामासाठी वापर मान्य आहे, आणि लिपीवरून अंदाज बांधणारे यंत्र या दोहोंना कधी एकमेकींत, तर कधी हिंदीत ढकलते. केंद्राच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरने २००९ साली शासकीय संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पानाला शीर्षक, मुख्य शब्द, वर्णन आणि भाषा ही माहिती जोडावी असे म्हटलेलेच आहे. नियम आहे, तो पाळला गेला की नाही हे पाहण्याची सवय नाही.

आपल्या कार्यालयीन व्यवहाराला हा प्रकार परका आहे असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक कार्यालयीन पत्रावर 'विषय :' आणि 'संदर्भ :' या दोन ओळी, जावक क्रमांक आणि दिनांक असतोच. राज्य शासनाचा शासन निर्णय या बाबतीत तर नमुनेदार आहे. त्याला अठरा अंकी संकेतांक असतो, आणि त्यातले पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस सांगतात. 'वाचा :' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक एकाखाली एक दिलेले असतात. कागद शासन निर्णय आहे, परिपत्रक आहे, पूरकपत्र आहे की शुद्धिपत्रक, हे माथ्यावरच छापलेले असते. डब्लिन कोअरच्या भाषेत सांगायचे तर ओळखक्रमांक, दिनांक, प्रकार, निर्माता आणि संबंध हे पाच घटक येथे आयते भरलेले आहेत. अडचण दोन ठिकाणी आहे. 'वाचा :' खालची यादी पीडीएफच्या पोटात असल्यामुळे, कोणता निर्णय कोणत्या निर्णयाने अधिक्रमित झाला, म्हणजे कोणाची जागा कोणी घेतली, ही साखळी यंत्राला जोडता येत नाही, आणि रद्द झालेल्या निर्णयाची प्रत घेऊन कार्यालयात जाणाऱ्या माणसाला ते खिडकीपाशी पोहोचल्यावर कळते. दुसरी अडचण शीर्षकाची. '…या योजनेस सन अमुक अमुकमध्ये मुदतवाढ देण्याबाबत' अशा वाक्याला विषय म्हणता येते, विषयसंज्ञा म्हणता येत नाही. त्यातून योजना कशाची, लाभ कोणाला, हे प्रत्येक वेळी वाचणाऱ्यानेच उलगडायचे असते. सध्याच्या नोंदीत विभागाचे नाव, शीर्षक, संकेतांक आणि दिनांक हे रकाने आहेतच. त्यांच्या शेजारी विषयसंज्ञेचा एक आणि 'अधिक्रमित करतो' असा एक, असे दोन रकाने वाढवले तर या संग्रहाचे मोल कितीतरी वाढेल.

स्थळनामांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सध्या ऐरणीवर असायला हवा. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यापूर्वी १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला होता. नामांतरावर कोणाचे मत काहीही असो, जुन्या नावाने असलेली पाने आणि कागद नाहीसे होत नाहीत, आणि ती जाऊन बदलावीत असे सुचवणेही चुकीचे ठरेल, कारण कागदावर त्या काळी जे नाव होते तेच राहिले पाहिजे. सूचीत जिल्ह्याला एक क्रमांक असावा आणि त्या क्रमांकाला दोन्ही नावे जोडलेली असावीत, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी दोन्ही काळांतला मजकूर समोर येतो. विभाजनाची गोष्ट याहून निराळी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला, तेव्हा नाव बदलले नाही, हद्द बदलली. तेथे नवा क्रमांकच द्यावा लागतो आणि जुन्या ठाणे जिल्ह्याशी त्याचा संबंध नोंदवावा लागतो, नाहीतर जव्हारच्या २०१० मधल्या कुपोषणाची बातमी पालघरच्या अभ्यासकाला कधीच दिसणार नाही. नाव बदलणे आणि हद्द बदलणे यांतला हा फरक तालिकाकाराला पहिल्या वर्षीच शिकवला जातो. संकेतस्थळांच्या कंत्राटात तो कोणी लिहीत नाही.

आता सूचीतले शब्द कोणाचे असावेत या मुख्य प्रश्नाकडे येतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन यांनी तालिकेसाठी घालून दिलेल्या तत्त्वांत एक तत्त्व असे आहे की वाचक ज्या शब्दाखाली शोधण्याची शक्यता आहे, तोच शब्द नोंदीच्या माथ्यावर असावा. आणि वर्गीकरणातल्या परिभाषेविषयी त्यांचे दुसरे तत्त्व असे की शब्द चालू वापरातला असावा. ही दोन तत्त्वे डोळ्यांपुढे ठेवली तर 'सातबारा' हे मुख्य रूप आणि 'अधिकार अभिलेख' हे 'पहा' नोंदीतले रूप, असा क्रम लागतो. आपल्याकडे समिती नेमली की नेमके उलटे होण्याची धास्ती मला वाटते. पारिभाषिक कोशांचे काम मोलाचे आहे, भाषा संचालनालयाचे कोश मी नित्य वापरत आलो आहे, परंतु कोश हा कार्यालयाने काय लिहावे हे सांगतो आणि विषयसूचीने वाचक काय लिहितो हे ओळखायचे असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही पाकक्रियेसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेले 'कुकरी' हे शीर्षक २०१० साली सोडून 'कुकिंग' हा रोजच्या वापरातला शब्द घेतला. उशीर झाला, पण बदल करता आला, कारण सूचीला धनी होता आणि हजारो ग्रंथालये त्याच सूचीला बांधलेली होती.

शेतीच्या विषयांत हे काम किती रंजक आहे ते पाहण्यासारखे आहे. ज्वारीला कोठे जोंधळा म्हणतात. रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू. येथे ज्वारी आणि जोंधळा ही एकाच संकल्पनेची दोन नावे होत, शाळू मात्र तिच्या पोटातली वेगळी संकल्पना, म्हणून तिला 'पहा' नव्हे, तर स्वतंत्र नोंद आणि वरच्या संज्ञेशी दुवा हवा. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आणि शेंदरी बोंडअळी ही एकाच किडीची नावे आहेत; २०१७ च्या खरिपात तिने घातलेल्या हाहाकाराच्या बातम्या आणि सल्ले या दोन नावांत विभागून पडले आहेत. गाजरगवताला सर्रास काँग्रेस गवत म्हणतात, आणि त्याच्या नियंत्रणाचा सल्ला शोधणाऱ्यापुढे एका राजकीय पक्षाच्या बातम्या येऊन पडतात, कारण यंत्राला संदर्भ सांगणारी संज्ञाच पानावर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकापासून चालवलेली 'ॲग्रोवोक' ही बहुभाषिक सूची या दृष्टीने उपयोगी पडेल. तीत प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो आणि त्या एका क्रमांकाला अनेक भाषांतील नावे जोडलेली असतात. हिंदी आणि तेलुगू नावेही तीत आहेत. वृत्तपत्रांसाठी अशीच सोय इंटरनॅशनल प्रेस टेलिकम्युनिकेशन्स कौन्सिल या संस्थेने केली आहे. तिच्या विषयसूचीत राजकारण, अर्थकारण, आरोग्य, शिक्षण, हवामान, आपत्ती, क्रीडा असे सतरा मुख्य विभाग असून त्यांखाली हजाराहून अधिक संज्ञा आहेत, आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. वरचे विभाग तिथून घ्यावेत, मराठी नावे त्याच क्रमांकांना जोडावीत आणि ग्रामसभा, रोजगार हमी, ऊसदर, वारी, टँकर अशा आपल्या संज्ञा योग्य जागी घालाव्यात, हे शून्यापासून सूची घडवण्यापेक्षा शहाणपणाचे. वारी धर्म या विभागात टाकावी की संस्कृतीत, यावर वाद होतील. दोन्हीकडे दुवा देता येत असल्यामुळे त्यांत वेळ घालवण्याचे कारण नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे आपोआप करील, मग माणसांनी हा खटाटोप कशासाठी करायचा, असे तरुण सहकारी मला विचारतात. यंत्र मदत करील यात शंका नाही, परंतु विषयसंज्ञा लावायला सांगितले तर यंत्र विचारते की कोणत्या सूचीतून. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ॲनिफ' नावाची मुक्तस्रोत प्रणाली बनवली आहे. मजकूर दिला की ती विषयसंज्ञा सुचवते. ती हे करू शकते याचे कारण तिच्यामागे तीस हजारांहून अधिक संकल्पनांची, फिन्निश, स्वीडिश आणि इंग्रजी अशा तीन भाषांतली एक सामान्य सूची उभी आहे आणि त्या सूचीनुसार ग्रंथपालांनी हातांनी केलेल्या नोंदी तिला शिकायला मिळाल्या आहेत. त्या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांच्या घरात होते. सूची आणि चांगल्या नोंदींचा साठा नसताना यंत्रावर काम सोपवले, तर ते आजच्या पानांवरचे 'ताज्या बातम्या' हेच शब्द अधिक वेगाने चिकटवील.

हे काम कोणी करावे याबद्दल माझे मत थोडे हट्टाचे आहे. मोठी समिती नको. राज्य मराठी विकास संस्था, विश्वकोश निर्मिती मंडळ आणि ग्रंथालय संचालनालय यांनी प्रत्येकी दोन जाणती माणसे द्यावीत, त्यांत निदान दोन प्रत्यक्ष तालिकीकरण केलेली असावीत आणि एखादा वृत्तपत्राचा संदर्भविभाग सांभाळलेला असावा. विश्वकोशाकडे तर नोंदशीर्षके आणि पूरक संदर्भ यांचा मोठा अनुभव आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची विषयवार सूची सिद्ध केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा संगणक नव्हता आणि शासकीय विभागही पाठीशी नव्हता. त्या परंपरेच्या भाषेत हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पहिल्या आवृत्तीत दोन हजार संज्ञा पुरेत. प्रत्येक संज्ञेला बदलणार नाही असा क्रमांक, एक मुख्य रूप, सर्व पर्यायी रूपे, वरची व खालची संज्ञा आणि जोडीला संबंधित संज्ञा, एवढीच रचना असावी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००९ मध्ये अशा सूचींसाठी 'स्कॉस' हे मानक ठरवून दिलेले आहे, त्यातच ती प्रसिद्ध करावी. आणि ती कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली असावी. पीडीएफमध्ये प्रसिद्ध केलेली सूची मी सूची मानणार नाही.

डब्लिन कोअरचे पंधराही घटक भरण्याचा आग्रह मी धरणार नाही. शीर्षक, दिनांक, भाषा, स्थळ आणि विषय हे पाच भरले जावेत. शासकीय कागदांना संबंधाचा सहावा असावा. दिनांकाबद्दल एकच सूचना करतो, की पान पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचा दिनांक आणि नंतर दुरुस्त केल्याचा दिनांक वेगळे दाखवावेत, कारण साचा बदलला की जुन्या पानांवर आजचा दिनांक उमटतो आणि तीन वर्षांपूर्वीची बंद झालेली योजना नव्याने फिरू लागते.

संपादक महोदय, सूची होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. आपल्या वेब आवृत्तीतील शेतीविषयक पानांपासून सुरुवात व्हावी अशी माझी विनंती आहे. तेथे ॲग्रोवोकचे क्रमांक आयते मिळतात, विषय मोजके आहेत, आणि त्याच त्या विषयांवरचा जुना मजकूर वाचकाला दर हंगामात पुन्हा हवा असतो. बातमी चढवताना उपसंपादकाला विषयाचा शब्द मनाने लिहू देण्याऐवजी उतरत्या यादीतून निवडायला लावावे, पीक, कीड किंवा रोग, जिल्हा अशा तीन निवडी पुरेत. आणि यादीत नसलेला शब्द सुचवण्यासाठी एक मोकळी ओळ ठेवून ती आठवड्यातून एकदा कोणीतरी जबाबदारीने तपासावी. या यादीत 'शेंदरी बोंडअळी : पहा गुलाबी बोंडअळी' यासारख्या नोंदी पहिल्याच दिवशी घालाव्यात. आपल्या जिल्ह्यातील ग्रंथालयांत तालिकीकरण केलेली, आता निवृत्त झालेली बरीच मंडळी आहेत. आपण हाक दिलीत तर अशा नोंदी तयार करून द्यायला त्यांच्यातले काही जण निश्चित पुढे येतील, आणि मी त्यांत असेन.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल